बॉर्डर टेरियर, दोन लहान मुलं आणि सासूबाई: घरात टेरियर पाळावा का? आमचा सविस्तर रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो, सेमी-डिटॅच्ड घर, मागे छोटं गार्डन, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा, नवरा आठवड्यातले निम्मे दिवस घरूनच काम करतो आणि उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून येऊन राहतात. घरात चिंगी आहे, बॉर्डर टेरियर, वय पाच, वजन सहा किलोच्या आतबाहेर, रंग मातकट करडा आणि पायांवर तांबूस. ओळखीतल्या मराठी लोकांपैकी ज्यांना ज्यांना कुत्रा घ्यायचाय ते सगळे आमच्याकडे येऊन तिला बघतात आणि म्हणतात अय्या किती गोड, लहानसा आहे, आम्हाला पण असाच हवाय, आणि मग मी त्यांना चहा देऊन अर्धा तास बसवून ठेवते कारण टेरियर नुसता साइज बघून घेतला की घरातल्यांचे पण हाल होतात आणि कुत्र्याचे तर जास्तच. तेच सगळं इथे नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट म्हणजे टेरियर हा मुळात कामाचा कुत्रा आहे आणि ते काम काय होतं हे कळल्याशिवाय त्याचं वागणं कळत नाही. लॅब्राडॉर तयार केला बंदूकवाल्या माणसाबरोबर फिरायला, म्हणजे त्याचं सगळं लक्ष माणसाकडे, माणूस हात दाखवेल तिकडे जायचं आणि पडलेलं पाखरू अलगद तोंडात धरून आणून द्यायचं. टेरियरचं तसं नाही. त्याने कोल्ह्याच्या मागे बिळात घुसायचं, आत अंधारात त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं म्हणजे वरच्या माणसांना कळतं कुठे खणायचं, नाहीतर त्याला हुसकावून बाहेर काढायचं. खाली जमिनीत त्याला सांगायला कोणी नसतं, पुढे जायचं की थांबायचं, चावायचं की नुसतं भुंकायचं हे त्या पाच-सहा किलोच्या जिवाने स्वतःचं स्वतः ठरवायचं. शेतावर असला की उंदीर-घुशी मारायच्या, तेही कोणी न सांगता. असे स्वतःच्या डोक्याने चालणारे कुत्रेच लोकांनी पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवले, आणि आता तोच कुत्रा आपण सोफ्यावर बसवून म्हणतो की हा ऐकत का नाही. ज्यांच्या शिकारीलाही टेरियर नेत त्या पाणमांजरांना इथे 1978 पासून कायद्याचं संरक्षण आहे, कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्याची शिकार करणं 2004 च्या कायद्याने बंद झालं, म्हणजे बहुतेक टेरियरांचं जुनं काम संपलं, पण अंगातली खुमखुमी कुठे जाणार, ती तशीच आहे.

आता त्यातल्या त्यात आम्ही बॉर्डर का निवडला. ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरची, नॉर्थंबरलँडच्या डोंगराळ भागातली, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या केनेल क्लबने तिला 1920 मध्ये मान्यता दिली. तिथे हा कुत्रा घोड्यांच्या आणि हाउंड कुत्र्यांच्या मागे दिवसभर पळायचा आणि कोल्हा बिळात गेला की मग याची पाळी. त्यामुळे बाकीच्या छोट्या टेरियरांपेक्षा पाय जरा लांब, छाती अरुंद, इतकी की मागून दोन्ही हातांच्या पंजात मावायला हवी असं ब्रीडवाले बघतात, आणि डोकं थेट पाणमांजरासारखं. जातीचं जे अधिकृत वर्णन आहे त्यात वजन पण दिलंय, नर 5.9 ते 7.1 किलो आणि मादी 5.1 ते 6.4. पण घरच्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट ही की याला कायम हाउंडांच्या घोळक्यात वावरावं लागायचं, म्हणजे जो बॉर्डर दुसऱ्या कुत्र्यांशी भांडेल तो निकामी. म्हणून याचा स्वभाव इतर बऱ्याच टेरियरांपेक्षा मवाळ राहिलाय. चिंगी पार्कात दुसऱ्या कुत्र्यांशी उगाच वाकड्यात शिरत नाही, कोणी अंगावर आलं तर मात्र मागेही सरत नाही.

मुलांबरोबर कशी आहे, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. मुलांबरोबर उत्तम आहे, पण त्यात मुलांना शिकवण्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. आमच्याकडे कुत्री यायच्या आधीच घरात नियम ठरले होते. ती जेवत असताना जवळ जायचं नाही, ती तिच्या जागेवर झोपली की तिला हात लावायचा नाही, तिच्या तोंडातली वस्तू ओढायची नाही, हवी असेल तर मोठ्या माणसाला हाक मारायची. आणि मिठी मारायची नाही, हे लहान मुलांना पटवणं सगळ्यात अवघड कारण मुलांना मिठी म्हणजे प्रेम वाटतं आणि कुत्र्याला ते अडकवल्यासारखं वाटतं. कुत्र्याला नको असलं की तो आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि हे सगळं करूनही कोणी ऐकलं नाही की मग गुरगुरतो. ही खूण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला आता माझ्याआधी कळते, भाऊ जरा जास्त जवळ सरकला की तीच म्हणते, "ए, सरक, तिला नकोय." गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नका, प्लीज. तो तुम्हाला चावायच्या आधी सांगतोय, ते सांगणं बंद पाडलंत तर पुढच्या वेळी सरळ दात लागतील, आणि टेरियर इतर काही जातींपेक्षा या पायरीवर लवकर येतो, हे मान्य करायलाच हवं.

बाकी खेळायला म्हणाल तर याच्यासारखा भिडू मिळणार नाही. मुलं शाळेतून आली की चिंगीचा दिवस सुरू होतो. बॉल लपवायचा आणि तिने वास काढून शोधायचा हा खेळ तर रोजचा, आधी हॉलमध्ये, मग जिन्यात, मग गार्डनमध्ये कुंडीच्या मागे, आणि ती सापडेपर्यंत सोडत नाही, नाक जमिनीला लावून फुरफुर आवाज करत एकेक कोपरा घेते. पंधरा मिनिटं वास घेण्याचा खेळ खेळलं तर ती जेवढी दमते तेवढी साध्या चालण्याने दमत नाही, हे नवीन लोकांनी लक्षात ठेवावं, पावसापाण्याचं फार कामाला येतं. पण मूल तीन-चार वर्षांच्या आतलं असेल तर मी टेरियरचं पिल्लू घ्या असं कोणालाच म्हणणार नाही. पिल्लू तोंडाने खेळतं, दात सुईसारखे असतात, मूल रडत पळतं, पळणाऱ्याच्या मागे लागणं हा तर टेरियरचा धर्म, आणि आईबाप दोघांच्या मध्ये अडकतात. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत थांबा, नाहीतर शांत स्वभावाचा मोठा झालेला कुत्रा घ्या ज्याचं मुलांशी कसं जमतं हे आधीच बघितलेलं असेल.

आता तो कापलेला स्टार. हाक मारल्यावर परत येणं. घरात, गार्डनमध्ये, ओळखीच्या रस्त्यावर चिंगी एका हाकेत येते, राउंडहे पार्कच्या मोकळ्या मैदानावर पण येते, पण खार दिसली की संपलं. त्या क्षणी तिच्या कानापर्यंत आपला आवाज जातो की नाही अशी शंका येते इतकी ती दुसऱ्या जगात असते, शिट्टी, चिकनचा तुकडा, कशाचाही उपयोग नाही. खूप ट्रेनिंग केलंय, अजून करतोय आणि पुष्कळ सुधारणा आहे, पण शंभर टक्के भरवसा कधी येईल असं मला वाटत नाही आणि ज्यांनी आयुष्यभर टेरियर पाळलेत ते इथले म्हातारे लोकही हेच सांगतात. म्हणून आम्ही दहा मीटरची लाँग लाइन, म्हणजे लांब दोरी, वापरतो, ती छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण टेरियर झटक्यात सुटतो आणि मानेला हिसका बसतो. यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागात फिरायला गेलो की लीड अजिबात सोडत नाही. तिकडे सगळीकडे मेंढ्या, आणि कुत्र्याने मेंढ्यांना नुसतं पळवलं तरी 1953 च्या कायद्याप्रमाणे मालकावर गुन्हा होतो, शेतकऱ्याला जनावरं वाचवायला दुसरा उपाय उरला नाही तर तो कुत्र्याला गोळीही घालू शकतो. गाभण मेंढी नुसती घाबरून पळाली तरी गाभ टाकू शकते, त्यामुळे शेतकऱ्यांचं काही चुकत नाही.

आणि खणणं. हे मी स्टार कापण्यात धरलं नाही कारण त्याला आम्ही जागाच करून दिली. शेडच्या खाली मागे एकदा काहीतरी शिरलं होतं, उंदीरच असणार, तेव्हा चिंगीला मी जवळून बघितलं. आधी पुतळ्यासारखी उभी, एक पुढचा पाय उचललेला, शेपटी ताठ, डोकं एका बाजूला तिरकं, ऐकतेय. मग नाक जमिनीत खुपसून एक जोराचा फुंकर मारला आणि सुरू, दोन्ही पुढच्या पायांनी माती मागे, मागच्या पायांच्या मधून ती माती थेट माझ्या चपलेवर, मध्ये मूळ आलं तर दातांनी तोडून थुंकून परत खणायला. दोन मिनिटांत खांद्यापर्यंत आत. ओढून बाहेर काढलं तर तोंडभर माती आणि डोळे असे चमकत होते की रागवायची इच्छाच होईना, त्या कुत्रीला जन्मभर जे करायचं होतं ते तिला मिळालं होतं. त्यानंतर नवऱ्याने गार्डनच्या कोपऱ्यात फळ्या लावून वाळूचा खड्डा करून दिला, त्यात आम्ही खेळणी आणि सुकवलेल्या मांसाचे तुकडे पुरतो, तिथे हवं तेवढं खणायचं, बाकी गुलाबाला हात लावायचा नाही. हे चालतं. कुंपणाच्या खालून मात्र जाळी जमिनीत पुरून घ्या, निदान वीतभर, नाहीतर एक दिवस शेजाऱ्यांचा फोन येणारच.

भुंकण्याबद्दल थोडक्यात सांगते, बॉर्डर हा सगळ्या टेरियरांमध्ये त्यातल्या त्यात शांत, पण बेल वाजली, पोस्टमन आला, मांजर दिसलं की भुंकणारच. दिवसभर एकटा ठेवला तर मात्र कोणताही टेरियर घर डोक्यावर घेईल आणि सेमी-डिटॅच्ड घरात भिंत एकच असते. दोघंही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ऑफिसला जाणार असाल तर हा विचारच सोडून द्या. दिवाळी आणि इथली 5 नोव्हेंबरची आतषबाजी साधारण लागोपाठच येते, ते दिवस आमच्याकडे पडदे बंद, टीव्ही मोठा, आणि संध्याकाळचा वॉक उजेडातच उरकलेला.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरांसाठी खास सांगायचंय, कारण हे इथल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, कच्चा असो शिजवलेला असो, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे आपले पोहे, उपमा, आमटी, भाजी, रस्सा, सगळं बाद. बेदाणे, मनुका, द्राक्षं तर अजून वाईट, थोड्या प्रमाणात खाऊनही किडनी निकामी होऊ शकते, म्हणजे शिरा, खीर, दिवाळीचा चिवडा, सगळं टेबलाच्या मध्यभागी, काठावर नाही. चॉकलेट सगळ्यांना माहीत असतं, पण शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल बऱ्याच जणांना माहीत नसतं, तेही जिवावर बेततं. असं काही पोटात गेलं तर वाट न बघता लगेच व्हेटला फोन.

आणि बॉर्डरवाल्यांसाठी अजून एक, गहू. या जातीत एक विकार दिसतो ज्यात कुत्र्याला अचानक पेटके येतात, पाय आखडतात, चालताना झोक जातो, उभं राहता येत नाही, पण शुद्ध हरपत नाही, बघणाऱ्याला वाटतं फिट आली. बऱ्याच वर्षांच्या अभ्यासानंतर लक्षात आलं की यातल्या अनेक कुत्र्यांना ग्लूटेन, म्हणजे गहू-जवातलं प्रोटीन, सोसत नाही, आणि आहारातून गहू-जव काढले की झटके कमी होतात किंवा थांबतात. चिंगीला आजवर असं काही झालेलं नाही पण आमच्या व्हेटने सुरुवातीलाच सांगितलं की या जातीत गहू टाळलेला बरा, म्हणून आम्ही टाळतो. आता सासूबाईंना हे पटवायचं म्हणजे, त्यांच्या साताऱ्याच्या घरी दारातल्या कुत्र्याला पहिली पोळी द्यायची हा वर्षानुवर्षांचा रिवाज, त्या म्हणाल्या, "अगं, एक चतकोर दिली तर काय होतंय तिला, बघती कशी बघ." मी म्हटलं, "आई, पोळी नको, तिला गहू चालत नाही, ज्वारीची भाकरी चालेल." झालं, दुसऱ्या दिवसापासून इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ आलं आणि आता त्या इथे असतात तेव्हा दुपारी एक तळहाताएवढी भाकरी वेगळी थापली जाते, मीठ न घालता, आणि चिंगी तवा ठेवल्याचा आवाज आला की ओट्याखाली हजर. दोघींचं इतकं जमलंय की आई साताऱ्याला परत गेल्यावर चिंगी काही दिवस त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसते, आणि आई व्हिडिओ कॉलवर नातवंडांच्या आधी "चिंगे कुठाय" म्हणतात. साठीनंतरच्या माणसांबरोबर हा कुत्रा छान राहतो कारण आकार आटोपशीर आहे, ओढ लॅब्राडॉरसारखी दणकट नाही, फक्त पायात पायात येतो, त्यामुळे जिन्यात सांभाळावं लागतं.

केसांचं बोलायलाच हवं. बॉर्डरचे वरचे केस राठ असतात, नारळाच्या शेंडीसारखे, आणि खाली मऊ अस्तर. हे केस वर्षातून दोनदा साधारण पूर्ण वाढून मरतात आणि मग ते कापायचे नसतात, चिमटीत धरून उपटायचे असतात, त्याला हँड-स्ट्रिपिंग म्हणतात. ऐकायला क्रूर वाटतं पण मेलेला केस अलगद येतो, नीट केलं तर कुत्र्याला दुखत नाही, चिंगी तर अर्ध्यात झोपते. मशीनने भादरलं तर केस मऊ आणि फिके होत जातात, राठपणा गेला की पाऊस-चिखल झटकून टाकायची ताकद पण जाते. अडचण एवढीच की हँड-स्ट्रिपिंग करणारे ग्रूमर सगळीकडे नसतात आणि असतील तर जास्त पैसे घेतात कारण दोन-तीन तासांचं काम आहे. मी आता घरीच करते, गार्डनमध्ये स्टुलावर उभी करून, थोडं आज थोडं उद्या. त्याचा फायदा म्हणजे घरात केस फारच कमी पडतात, काळ्या पँटवर कुत्रा असल्याचं कळत नाही. पण ॲलर्जी असलेल्या घरात याच्यामुळे त्रास होणारच नाही असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही, ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, केसांची नव्हे.

बाकीच्या टेरियरांबद्दल विचारतात म्हणून माझं मत. जॅक रसेल हा हुशारीत सगळ्यांच्या वर, दमसास बघाल तर थक्क व्हाल, डेव्हनच्या जॉन रसेल नावाच्या शिकारवेड्या पाद्रीबाबांनी 1819 मध्ये ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची कुत्री घेतली आणि तिच्यापासून ही ओळ सुरू झाली असं सांगतात. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजने 2022 मध्ये जातीनिहाय आयुर्मान काढलं त्यात जॅक रसेल पहिला होता, 12.7 वर्षं, आणि यॉर्कशायर टेरियर दुसरा. म्हणजे तब्येतीने खणखणीत. पण लहान मुलांच्या गोंधळात हा लवकर चिडतो आणि कंटाळला तर घराची वाट लावतो, ज्यांना रोज पळायला जायचंय, कुत्र्याला ॲजिलिटी (अडथळ्यांची शर्यत) वगैरे शिकवायचंय त्यांनीच घ्यावा. यॉर्की आमच्याच भागातला, गिरण्यांमध्ये कामाला आलेल्या स्कॉटिश विणकरांबरोबर त्याचे पूर्वज आले आणि हडर्सफील्ड बेन हा 1865 चा कुत्रा या जातीचा मूळ पुरुष मानतात. तीन किलोचा जीव, मूल अंगावर पडलं तर हाड मोडेल, म्हणून लहान मुलांच्या घरात नकोच, मोठ्या माणसांसाठी मात्र छान. एअरडेलसुद्धा इथलाच, लीड्समधून जी एअर नदी वाहते तिच्या वरच्या खोऱ्यातला, टेरियरांमध्ये सगळ्यात मोठा, उंची साठ सेंटिमीटरच्या आसपास, पहिल्या महायुद्धात निरोप पोचवायला वापरला होता. मला हा मनापासून आवडतो, मोठ्या मुलांच्या घरात फार सुंदर कुत्रा, पण आता कमी दिसतो आणि त्याच्या केसांचं काम बॉर्डरच्या चौपट.

वेस्टी, म्हणजे वेस्ट हायलंड व्हाइट टेरियर, दिसायला कापसाचा, कातडीच्या ॲलर्जीसाठी बदनाम, व्हेटची बिलं भरायची तयारी ठेवा.

स्टॅफीबद्दल मात्र थांबून बोलते कारण आपल्या लोकांना त्याची भीती वाटते. स्टॅफर्डशायर बुल टेरियर वेगळा आणि पिट बुल टेरियर वेगळा. पिट बुलवर इथे 1991 पासून बंदी आहे, एक्सएल बुली हा मोठा, दणकट कुत्रा 1 फेब्रुवारी 2024 पासून परवान्याशिवाय ठेवता येत नाही, स्टॅफीवर कधीच बंदी नव्हती. घरच्या माणसांवर आणि मुलांवर इतका जीव लावणारा कुत्रा मी दुसरा बघितला नाही, आमच्या गल्लीत एक आहे तो मुलं शाळेत निघाली की फाटकातून नुसतं नाक बाहेर काढून उभा असतो आणि प्रत्येकाला शेपूट हलवून निरोप देतो. दुसऱ्या कुत्र्यांशी मात्र त्याचं जमेलच असं नाही आणि अंगात ताकद फार, म्हणून हाताळणारा माणूस जाणता हवा. सोडून दिलेले कुत्रे सांभाळणाऱ्या रेस्क्यू सेंटरांमध्ये बिचारे भरपूर असतात, त्यांच्या दिसण्यामुळे लोक घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

घ्यायचा ठरला तर कुठून? इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून किंवा मधल्या माणसाकडून विकायला बंदी आहे, एकतर थेट ब्रीडरकडून किंवा रेस्क्यूतून. पिल्लू त्याच्या आईबरोबर, ज्या घरात जन्मलं त्याच घरात बघायचं. पार्किंगमध्ये या, तिथे पिल्लू देतो असं म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, कितीही स्वस्त असो. बॉर्डरमध्ये पिल्लांना थरथर सुटणारा एक आनुवंशिक आजार आहे, त्याची डीएनए टेस्ट निघालीय, आईबापांची टेस्ट झालीय का हे विचारा, चांगला ब्रीडर स्वतःहून कागद दाखवतो. आम्ही गेलो त्या बाईंनी उलट आमचीच दोन तास परीक्षा घेतली, घरी कोण असतं, गार्डनला कुंपण किती उंच, इंडियाला गेलात की कुत्री कुठे ठेवणार, मुलांना समोर बसवून पिल्लू कसं उचलायचं ते दाखवलं, आणि नंतर हो म्हणाल्या. असे ब्रीडर मिळाले की त्यांची वेटिंग लिस्ट कितीही लांब असली तरी थांबावं.

पुण्या-मुंबईहून बहीण आणि मैत्रिणी विचारतात, तिकडे टेरियर घेऊ का. जॅक रसेल सगळ्यात जास्त विचारला जातो. आखूड केसांचा असल्याने उष्णता त्याला बॉर्डरपेक्षा जरा सोसते, बॉर्डर किंवा वेस्टी हे दुहेरी केसांचे थंडीतले कुत्रे, नागपूरच्या मे महिन्यात त्यांना आणून ठेवणं मला पटत नाही. जॅक रसेल घेतला तरी फिरायला पहाटे आणि रात्री, रस्ता हाताला चटका देत असेल तर त्याच्या पंजालाही देतो. गोचीड ही तिकडची मोठी डोकेदुखी, त्यातून येणारा ताप कुत्र्याचा जीव घेतो, त्यामुळे त्याचं औषध बारा महिने चुकवायचं नाही. शिवाय सोसायटीच्या बाहेर रस्त्यावरची कुत्री त्यांच्या टोळीने असतात आणि टेरियर समोर किती आहेत हे मोजत नाही, सरळ भिडतो, मग सहा किलोच्या कुत्र्याचं काय होणार. 2017 च्या नियमांप्रमाणे भारतातही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची नोंदणी लागते, हे विचारायला लाजू नका. आणि खरं सांगायचं तर टू बीएचके फ्लॅट, दोघं नोकरीला, मुलं क्लासला, अशा घराला मी आपला देशी कुत्राच सुचवीन, तो त्या हवेचा आहे, अंगावर केस कमी, आणि मोठा झालेला घेतलात तर स्वभाव बघून घेता येतो.

शेवटचा मुद्दा इंडियाच्या ट्रिपचा, जो आपल्या लोकांना सगळ्यात उशिरा आठवतो. आपण जातो तेव्हा आठवड्यासाठी जात नाही, तीन-चार आठवडे जातो, लग्नकार्य निघालं तर त्याहून जास्त. टेरियरला महिनाभर अनोळखी केनेलमध्ये ठेवणं मला जमण्यासारखं वाटत नाही, तो खणून, चढून, ओरडून स्वतःचे हाल करून घेतो आणि खाणं सोडतो. आम्ही चिंगी पिल्लू असल्यापासून रस्त्यापलीकडच्या एका रिटायर्ड जोडप्याकडे तिला अधूनमधून दुपारभर, मग रात्रभर, मग वीकेंडला ठेवत गेलो, त्यांचा स्वतःचा म्हातारा बॉर्डर गेल्यानंतर त्यांना नवीन कुत्रा झेपणार नव्हता पण सोबत हवी होती. आता डिसेंबरमध्ये आम्ही साताऱ्याला असतो तेव्हा चिंगी त्यांच्याकडे, तिचा बिछाना, तिची बिनगव्हाची पिशवी, व्हेटचा नंबर आणि लाँग लाइन यांच्यासकट. असं कोणी तुमच्या आसपास असेल तर ब्रीडरला फोन करायच्या आधी त्यांच्याशी बोलून घ्या.